झ्दोमू नावाचं कुणीही नव्हतं

पोलंडमधील वोम्झा भागातल्या झाग्रोडे गावचे पाद्री फादर कुलेशा यांचं प्रमाणपत्र मला गेल्या मंगळवारी मिळालं. त्यांनी शिक्का मारून कळवलं आहे की माझे आजोबा अन्तोनी गोंशोर आणि आजी रोझालिया यांचा विवाह त्यांच्या चर्चमध्ये झाला. नोंदीत दोन तारखा आहेत, २९ जानेवारी आणि ११ फेब्रुवारी १९०३. एक तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या रशियन झारच्या पंचांगाची, एक आपली. म्हणजे माझी आजी लग्नाची बायको होती, तीही दोन-दोन तारखांनी.

हे हाती आल्यावरच मी, स्तानिस्वावा पिएत्राशिक, वय सहासष्ट, अविवाहित, पोलिश साप्ताहिकाची निवृत्त मुद्रितशोधक, राहणार बफेलो, हे मृत्युपत्र लिहायला बसले. माझं डोकं ठिकाणावर आहे. लिहिण्यासाठी कोणी भरीस घातलेलं नाही. लिहू नये म्हणून मात्र एकाने दोनदा फोन केला.

एक. घर आणि त्यातलं सामान माझी भाची तेरेसा हिला. तळघरातली चौदा खोकी तिने फेकायची नाहीत. ती रद्दी नाही, माझी तेवीस वर्षं आहेत.

ही वर्षं कशापायी गेली, ते इथे नोंदवते. आजोबांनी अमेरिकेत आल्यावर इथल्या दफनभूमीत कुटुंबासाठी जागा घेतली आणि मोठा दगड बसवला. ते आधी गेले. १९३५ साली आजी गेली, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ बोलेस्वाव म्हणाले, "लग्नच झालं नव्हतं. ही इथे नको." तिला कुंपणाकडेच्या रांगेत पुरलं. दगडावर आजोबांच्या नावाशेजारची जागा बासष्ट वर्षं कोरी आहे. अख्खी गल्ली तिला गोंशोरोवा म्हणायची, म्हणजे गोंशोरची बायको. गल्लीला जे कळलं ते दिराला कळलं नाही.

१९७३ च्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी माझ्या आईने पवित्र पोळीचा तुकडा बोलेस्वाव यांच्या मुलापुढे, लेनर्डमामापुढे धरला. त्या पोळीचा तुकडा वैऱ्याच्या हातूनही मोडून घेतात. मामाने हात मागे घेतला. मी म्हटलं, "मामा, आजोबा वरून बघतायत." तो म्हणाला, "स्टाशा, आधी कागद दाखव, मग आजोबा म्हण." पुढच्या ख्रिसमसला आई नव्हती.

दोन. माझं भिंग आणि तांबडी पेन्सिल पेलागिया झिमावा हिला. चर्चच्या जुन्या नोंदी बघायच्या मायक्रोफिल्मच्या खोलीत ती माझ्या शेजारच्या यंत्रावर बसते. तिचे उपकार मान्य करायला मला लाज वाटते, म्हणून हयातीत केले नाहीत.

आजीच्या मृत्यूच्या दाखल्यात माहेरचं आडनाव 'झ्दोमू' आहे. ते अपुरं असेल, मूळ झ्दोम्स्का असेल, असं मी ठरवलं आणि चार वर्षं त्या घराण्याच्या मागे लागले. एके दिवशी पेलागियाने दाखला पाहिला आणि इतकी हसली की खोली सांभाळणाऱ्या बाईंनी आम्हाला दोघींना बाहेर काढलं.

"अगं स्टाशा, 'झ् दोमू' म्हणजे 'माहेरची'! तुझ्या आजीचं आडनाव माहेरची? मग माझ्या आजोबांचं कैलासवासी!"

घडलं असं होतं. पोलिश न कळणाऱ्या अमेरिकन कारकुनाने आजीचं माहेरचं आडनाव विचारलं तेव्हा माझा मामा यूझेफ "झ् दोमू..." एवढं बोलला आणि त्याला रडू फुटलं. कारकुनाने रडण्याआधीचं उतरवून घेतलं. मी एकतीस वर्षं लोकांचं पोलिश सुधारलं आणि स्वतःच्या आजीच्या दाखल्यावर अडाणी ठरले.

मग मी आजोबांच्या नावाने शोधायला लागले. त्यांच्या गावात काही नव्हतं, असणार कसं? आपल्याकडे लग्न मुलीच्या चर्चमध्ये लागतं. आजूबाजूच्या अकरा चर्चची पुस्तकं संपली. बाराव्यात ती सापडली: रोझालिया कुर्पिएव्स्का, वय एकोणीस, शेतमजुराची मुलगी. शेवटी रशियन भाषेत लिहिलं आहे की वधू, वर आणि साक्षीदार यांना लिहिता येत नाही, म्हणून सही फक्त पाद्र्यांची.

तीन. बँकेतल्या शिलकीतून पहिल्यांदा पाथरवट वालेन्ती पात्सिना याच्या कामाचे पैसे चुकते करावेत. उरेल ते तेरेसाचं.

चार. लेनर्डमामाला विवाहनोंदीची चौकटीत बसवलेली प्रत. सोबत झ्दोम्स्का घराण्यावरच्या माझ्या चारही वह्या. माणसाने चूक कशी कबूल करायची असते, हे त्यात पाहायला मिळेल.

पाच. मला मोठ्या दगडाखाली पुरू नये. आता तो हक्क मला आहे, दफनभूमीच्या कचेरीतल्या बाईंनी कागद पाहून तसं लेखी दिलं आहे. पण आजीची हाडं हलवायची नाहीत. मला कुंपणाकडेला, तिच्या शेजारी ठेवावं. तिथे बासष्ट वर्षं तिला घरचं कोणी शेजारी नव्हतं.

माझ्या आजीला स्वतःच्या लग्नाच्या कागदावर सही करता आली नाही. म्हणून या कागदाच्या प्रत्येक पानावर मी पूर्ण नावाने सही केली आहे.

स्तानिस्वावा पिएत्राशिक
नात, रोझालिया गोंशोर, माहेरची कुर्पिएव्स्का

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली: हेन्रिक लिस, बेकरीवाले, झोफिया लिस, त्यांची पत्नी. (पेलागियाला भिंग ठेवल्यामुळे वकिलांनी तिला साक्षीदार होऊ दिलं नाही. ती स्वयंपाकघरात रुसून बसली आहे.)

बफेलो, मंगळवार, २८ ऑक्टोबर १९९७

सहीनंतरची नोंद: शुक्रवारी सकाळी आठला पात्सिना छिन्नी घेऊन मोठ्या दगडाकडे जाणार आहे. त्याला मजकूर मी स्वतः तपासून दिला आहे. 'झ् दोमू' दोन शब्दांत. शनिवारी सर्व संतांचा दिवस, आपल्या माणसांच्या थडग्यांवर जायचा. लेनर्डमामा दरवर्षीप्रमाणे शेवंती आणि मेणबत्त्या घेऊन कुटुंबासह येईल. त्याला कोणीतरी सांगा, चष्मा आण.