नो-लोडवर तपासलेले बाबा

ता. ४ मार्च

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

शुद्धलेखनाला हसू नकोस. नववीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि मोबाइलवर एका बोटाने टाइप करतेय, म्हणून हे पत्र सकाळपासून चाललंय. फोनच केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलता येत नाही. मागच्या वेळी दहा मिनिटं आपण नुसतं हॅलो हॅलो केलं होतं.

बाबांचं सांगायचंय. सोमवारी दुकानात पंपाची मोटर वायंडिंगसाठी बाकावर ठेवताना ते एकदम पांढरे पडले आणि मोटर मांडीवर घेऊन खालीच बसले. मी धावले तर मलाच ओरडले, तांब्याच्या तारेवर पाय देऊ नकोस म्हणून. ही तिसरी वेळ. आई ताईच्या बाळंतपणाला गेलीये, तिला कळवायचं नाही अशी शपथ घातलीये. तुला कळवायचं नाही असं काही म्हणाले नाहीत, म्हणून कळवतेय.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढायला सांगितलाय. बाबा म्हणतात, जन्मभर करंटपासून लांब राहा म्हणून लोकांना सांगितलं, आता स्वतःच्याच छातीला वायरी लावून घेऊ का. मी जाऊन चौकशी करून आले. म्हणजे मी नुसती काउंटरपाशी उभी राहिले आणि माझ्या पुढच्या माणसाला जे सांगितलं ते ऐकून आले. दवाखान्यात तीनशे घेतात, मोठ्या हॉस्पिटलात आठशे, आणि मशीन सारखंच. पाच मिनिटांचं काम, दुखत काहीच नाही. पण माझं कोण ऐकतंय. तू दोन ओळी लिही ना. तुझी भीती त्यांना अजून आहे.

तुझी माया अशीच राहू दे.
गप्पू

ता. ७ मार्च

चि. गप्पूस, अ. उ. आ.

तुझा बाप लहानपणी लस टोचायच्या दिवशी पाण्याच्या टाकीमागे लपला होता. मी कान धरून बाहेर काढला होता. पन्नाशी उलटली तरी तोच प्रकार. आता हे त्याला मोठ्याने वाचून दाखव. मोठ्याने म्हणजे मोठ्याने, पुटपुटू नकोस.

अरे शहाण्या, त्यात करंट आत सोडत नाहीत. तुझ्या आतला जो आहे तो कागदावर मोजतात. तू रोज मीटर लावून दुसरं काय करतोस? माझा दोनदा काढलाय, मी आहे की नाही अजून? छातीवर गार जेल लावतात एवढंच काय ते दुःख. शर्ट काढावा लागतो, तेव्हा भोकं पडलेला बनियन घालून जाऊ नकोस, घराण्याची लाज राख.

गप्पू, गेला नाही तर कळव. मी येईन आणि पुन्हा कान धरीन.

तुझी,
आत्या

ता. १५ मार्च

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

उशिराबद्दल माफ कर, पण इथे माझं डोकं फिरायची वेळ आलीये.

बनियनचं ऐकल्यावर बाबा मुकाट्याने उठले. ईसीजी झाला. आडवं झोपवतात, छातीवर सहा आणि हातापायांना चार, मिळून दहा वायरी. बाबांनी तिथल्या बाईंना विचारलं की यात अर्थिंगची कुठली. मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं. पण त्या बाई शांतपणे म्हणाल्या, उजव्या पायाची. मग काय, बाबा एवढे खूश झाले की हलू नका म्हणून दोनदा सांगावं लागलं. चौकटीच्या कागदावर रेघोट्या आल्या. सगळं ठीक.

पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्या कागदात दहाएक सेकंदांचंच हृदय दिसतं, चक्कर त्याच वेळी आली नाही तर सापडणार कशी? म्हणून चोवीस तास अंगावर ठेवायचं मशीन लावा. होल्टर म्हणतात. अडीच हजार, शिवाय मशीनची अनामत वेगळी. छातीला चिकटपट्ट्या आणि कमरेला काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी. आंघोळ बंद. सोबत एक वही देतात, किती वाजता काय केलं आणि काय वाटलं ते लिहायला.

आता ऐक. बाबांनी दुकान बंद ठेवलं, खुर्ची घेतली आणि चोवीस तास त्यात बसले! झोपलेसुद्धा खुर्चीत. पाणी मी आणायचं, चष्मा मी आणायचा. का, तर मीटर लावलं की यंत्राला हलवायचं नसतं, रीडिंग चुकतं. वहीत लिहिलंय: नऊ, बसलो. दहा, बसलो. अकरा, बसलो. साडेअकरा, गप्पूने पंखा पुसला, मी बसलो.

रिपोर्ट स्वच्छ येणार नाही तर काय होणार? आत्या, आपल्या दुकानातून एकही मोटर नो-लोडवर तपासून देत नाहीत. रिकामी मोटर कोणाचीही छान फिरते. पंपाला जोडून पाणी ओढायला लावली की मग ती रडते का ते कळतं. हे मला बाबांनीच शिकवलं, आणि स्वतः नो-लोडवर तपासून आले. त्यांची चक्कर वजन उचलताना येते नाहीतर चढताना. खुर्चीत कशी येईल?

हे डॉक्टरीणबाईंना कोणीतरी सांगायला हवं. बाबा सांगणार नाहीत. आणि माझं तुला माहीतच आहे, मी त्यांच्यासमोर गेले की घसा बंद.

वैतागलेली,
गप्पू

ता. १६ मार्च

ती. अक्कास, शि. सा. न.

तुझ्या हट्टापायी दोन्ही तपासण्या केल्या. दोन्ही नॉर्मल. मोटर उत्तम आहे, पैसे पाण्यात गेले. पोरगी उगाच तोंड पाडून बसलीये. उद्यापासून दुकान चालू. लोभ जोडलेला आहे, फ्यूज उडू देऊ नकोस.

तुझा भाऊ

ता. १९ मार्च

चि. गप्पूस, अ. उ. आ.

तुझ्या बापाचं पत्र आलं. ते मी उशाखाली ठेवलंय, भेटला की तेच त्याच्या टाळक्यात घालणार आहे. चोवीस तास बसला म्हणे! लग्नात मांडवात एक तास बसवत नव्हतं याला.

आणि तुझ्यावरही राग आहे माझा. मला एवढं लांबलचक लिहितेस, त्यातलं निम्मं त्या बाईंना सांगितलं असतंस तर? घसा बंद होतो ना, मग बोट आहे की. मला लिहितेस तसं त्यांना लिही. चिठ्ठी हातात दे आणि तिथेच उभी राहा, पळून येऊ नकोस. माझा एकच भाऊ आहे, गप्पू.

तुझी,
आत्या

ता. २ एप्रिल

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी लिहिली. चारच ओळी, पण तीनदा फाडली. रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा बाबांनी ठणठणीत, ठणठणीत असं दोनदा सांगितलं, आणि मी वही पुढे करून त्यावर चिठ्ठी ठेवली. डॉक्टरीणबाई वाचून आधी हसल्या. मग त्यांनी ते ‘बसलो, बसलो’ वाचलं आणि हसायच्या थांबल्या. पुन्हा मशीन लावलं, पैसे निम्मेच घेतले. रोजची कामं करा, जिने चढा, फक्त जड काही उचलू नका आणि मुलीने सोबत राहायचं, असं सांगितलं. बाबा दिवसभर माझ्यावर फुगून होते.

दुसऱ्या वहीत बाबांनी लिहिलं: अकरा वीस, माळ्यावर चढलो, काही वाटलं नाही. त्यांची पाठ वळल्यावर मी त्याखाली लिहिलं: खोटं, शिडीला कपाळ टेकून उभे होते, मी दोन हाका मारल्या, ओ दिली नाही.

आत्या, रिपोर्टात बरोबर अकरा एकवीसला हृदय चार सेकंद थांबलंय. सरळ रेघ. डॉक्टरीणबाईंनी एक बोट त्या रेघेवर ठेवलं, एक माझ्या ओळीवर, आणि ती ओळ मोठ्याने वाचली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडणार. नाही ओरडले. एवढंच म्हणाले, की त्यांना एकही हाक ऐकू आली नव्हती.

पुढच्या गुरुवारी पेसमेकर बसवणार आहेत. बाबांनी विचारून घेतलं की बॅटरी किती वर्षं चालते आणि बदलताना सगळं खोलावं लागतं का. चालू मोटरपासून हातभर लांब राहायचंय, म्हणून लोड टेस्टिंग आता माझ्याकडे. गिऱ्हाइकांशी बोलणंही माझ्याकडेच, त्याचीच धडकी आहे. आईला बाबांनी स्वतः फोन केला, ती उद्या येतेय, खूप चिडलीये. तूही ये. कान धरायला नको, नुसती ये.

आणि हो, मला अक्कलदाढ येतेय. गाल इतका सुजलाय की दोन दिवस तोंड उघडत नाही, आणि पहिल्यांदाच सगळे म्हणताहेत, गप्पू, काहीतरी बोल.

तुझी,
गप्पू