दोन दाढा आणि एक नस

८ जाने.
आजही ब्रश करता आला नाही. डाव्या गालाला नुसता टॉवेल लागला तरी वीज शिरल्यासारखी कळ. सप्टें.पासून हेच. करोल बागेतल्या दातांच्या डॉ.नं दोन दाढा उपटल्या, दोन्ही धडधाकट निघाल्या. आता म्हणतो, दात नाही, नस आहे. हे आधी कळलं नाही का, असं झापणार होतो. तोंड उघडवेना.

१२ जाने.
न्यूरोसर्जरीची ओपीडी. मला वाटायचं, मेंदूचा डॉक्टर म्हणजे मेंदूचा डॉक्टर. इथे आमच्या मंत्रालयासारखे सेक्शन! एक फक्त मणका बघतो, एक लहान मुलांची डोकी, एक रक्तवाहिन्यांचे फुगे, एक कवटीच्या तळाच्या गाठी. माझी फाइल आधी मणक्याकडे. "ये हमारा नहीं है जी." तीस वर्षं हेच वाक्य मी लोकांना ऐकवत आलो. आज टेबलाच्या अलीकडे बसून ऐकलं. लाज वाटली.

१९ जाने.
एमआरआय आला. एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाबते आहे. गाठबीठ नाही. सौ.नं देवापुढे साखर ठेवली.
आता उपाय. किरणांचे डॉ. म्हणतात, कापाकापी नको, बाहेरूनच नसेवर किरणं सोडू. पण गुण यायला आठवडे लागतील, दुखणं परतूही शकतं. नसांची ऑपरेशनं करणाऱ्या मॅडम म्हणतात, कानामागे छोटी खिडकी पाडू, नस आणि वाहिनीच्या मध्ये स्पंजसारखा तुकडा ठेवू. बहुतेक कायमचं सुटाल. पण डाव्या कानाला धोका, आणि काही झालं तरी डोकं उघडणं ते. दोघंही प्रामाणिक वाटले. निवड माझ्या गळ्यात.

२० जाने.
गोळ्यांची गुंगी. ऑफिसात एकच परिच्छेद दोनदा लिहिला. मन किरणांकडे. भित्रा आहे मी, कबूल.

२७ जाने.
पुन्हा मॅडम. सौ. बरोबर. मॅडमनी फिल्म बाजूला ठेवली. "अंकल, इस दर्द में क्या-क्या छूट गया?"
मी मनात यादी करत होतो. दाढी, गरम चहा, बाल्कनीतला वारा... तेवढ्यात सौ.च बोलली. "मुझसे बोलना छूट गया. वो डेंटिस्ट मैंने बताया था ना. मुझे लगा, उसी का ग़ुस्सा है."
 बोललं की कळ येते म्हणून मान हलवून भागवत होतो. हिला ते माहीत आहे असं धरून चाललो. सांगितलंच नव्हतं. एका टेबलावर जेवत होतो आणि ही बाई चार महिने स्वतःला दोष देत होती. फार वाईट वाटलं.

३० जाने.
किरणांसाठी आठवडे थांबायचं नाही आता. ऑप.च करायचं. "कान गेला तर?" सौ.
चिठ्ठीवर लिहिलं: तू उजवीकडे बसत जा. हसली. बऱ्याच दिवसांनी.

४ फेब्रु.
हॉस्पिटल. सह्या झाल्या. कानामागचे केस भादरले. स्ट्रेचर यायला अर्धा तास.
सौ. पिशवी आवरत होती. आज चिठ्ठी नको वाटली, तोंडानं सांगायचं ठरवलं. "मी तुझ्यावर कधीच..." इतकंच निघालं आणि अशी कळ आली की डोळ्यांत पाणी.
"राहू द्या हो. बाकीचं परत आल्यावर सांगा."
मी मान हलवली. पुन्हा मानच.