आहेराच्या चादरी आणि प्रियाची नाव

तीर्थरूप दाजी आणि आक्का,

सोलापुराहून तुमच्या धर्मपालचा सप्रेम जयभीम. आम्ही सगळे इथे खुशाल, म्हणजे भाजून निघालोय पण खुशाल. दाजी, तुमचा गुडघा काय म्हणतोय? आक्काचं लोणचं पोचलं. अर्धी बरणी आईनं नुसतीच खाल्ली आणि वर पोटात जळजळतंय म्हणून मलाच बोलली. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर आमची सौ. राजश्री शेजारी उभी राहून माझ्या आधी बोलते. म्हणून पत्र. लांबेल, तेव्हा आधी पाणी पिऊन घ्या.

तुमच्या अंगणात आमच्या बुद्धप्रियाचं लग्न लागणार आणि जावईबापू दिपकरावांचं गाव धरणाच्या पाण्यापलीकडं, हे ठरलं तेव्हाच माझा घात झाला. प्रिया लहान असताना मी तिला तलावावर बोटिंगला नेलं होतं. आमचा नंबर आला आणि तिकिटाची खिडकी बंद झाली. पोरगी पार सात रस्ता चौकापर्यंत भोकाड पसरून आली. मी म्हटलं, गप, तुझ्या लग्नात तुला नावेत बसवूनच सासरी धाडतो. (पोर गप करायला बाप काय वाट्टेल ते बोलतो की! कुणी लक्षात ठेवतं का?) हिनं ठेवलं. सोयरीक जुळल्या दिवशी माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "बाबा, मग?" झालं! मी कुणाची तरी जुनी फायबरची नाव टेम्पोत घालून आणली. निळीशार, देखणी. अंगणात ठेवली तर सगळी गल्ली बघायला लोटली.

पण दाजी, आमचं ऊन! बघता बघता निळ्याची पांढरी झाली. हात लावावा तर खडूसारखी भुकटी. ज्याच्याकडनं घेतली तो म्हणाला, पॉलिश मारा, सावलीला ठेवा आणि वर हवा खेळेल असं कापड बांधा. इतका सोपा उपाय मला पटेना. तेवढ्यात आई म्हणाली, "बाळाला लावतो तसं त्याल लाव की." लावलं. घरातलं सगळं खोबरेल लावलं. (राजश्री वेणी घालायला बसली तेव्हा बाटली उलटी करून माझ्याकडं बघत राहिली.) दुपारच्या वावटळीनं तेलावर धुळीचा लेप दिला, लेपावर मुंग्या आल्या, आणि नाव अंगणात उगवलेल्या वारुळासारखी दिसायला लागली. प्रियानं हसत हसत ती साबणानं घासून काढली. वर मलाच म्हणाली, "आता काजळ लावा."

मग मला खरी अक्कल सुचली. सोलापुरात राहून कापडाला कुठं हिंडायचं? दिपकरावांच्या भावकीला आहेर म्हणून राजश्रीनं ट्रंकेत मोरांच्या नक्षीच्या चादरी जमवल्या होत्या. एवढ्या जाड चादरीतून सूर्याचा बाप आत शिरणार नाही! मी दोऱ्या बांधून सगळ्या नावेवर अंथरल्या, आणि कुणी विचारलं तर वाळत घातल्यात म्हणून सांगायचं ठरवलं. पण विचारायच्या ऐवजी लोक पोत बघायला लागले. शेजारच्या सावित्रम्मा (जन्म मागावर विणण्यात गेलेली बाई) कापड चिमटीत धरून घासाघीस करायला लागल्या, आणि मी पायात चप्पल घालेपर्यंत आईनं एक चादर विकलीसुद्धा! वर मलाच म्हणाली, "घरचंच गिऱ्हाईक हाय, सोडू व्हय?"

राजश्रीला कळलं तेव्हा चादरींच्या वरच्या बाजूचा रंग पार उडाला होता. एकाच चादरीवर निम्मे मोर तरणे, निम्मे म्हातारे. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही, नावेशी बोलते. "अगं नावे, त्यांना म्हणावं, ताट वाढलंय." पण दाजी, नाव वाचली! पॉलिश मारलं, लई झळकतीये. माझा शब्द राहणार, या आनंदात मी जाता-येता तिला थापटतो.

तुमचा मेहुणा,
धर्मपाल

ता. क. आक्का, व्याहीणबाईंना सांगून ठेव की हल्ली मोर असेच निघतात. तुझ्या तोंडून खरं वाटेल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच दिपकरावांचा फोन आला. लई खुशीत होते. म्हणे पाणी पार ओसरलंय, तुमच्या गावातनं त्यांच्या गावाला मोटारसायकल सरळ जाते. दाजी, तुम्ही काठावर राहता आणि एक शब्द बोलला नाहीत! मी इथं नाव झाकत बसलो आणि तिकडं ऊन अख्खं पाणी पिऊन गेलं. मला तर रडूच आलं.

ता. क. तिसरा. आता कामाचं. प्रियाला सांगायचा धीर होत नव्हता, तरी सांगितलं. ती हसून हसून नावेतच बसली. म्हणाली, "बाबा, मी नाव मागितली होती. पाणी कुठं मागितलं होतं?" तेव्हा त्या दिवशी तुमचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली लागेल. खाली कडबा घालू, वर नाव, नावेत पोरगी. वर सावलीला चादर बांधायची राजश्रीनं कबूल केलंय (नावेला सांगितलं, मी ऐकलं). ट्रॅक्टर तुम्हीच चालवा, आणि हळू चालवा. लेक सासरी पोचायची मला काही घाई नाही.