ताडपत्रीच्या फटीतले पाय

लाभपंचमी
खाराघोड्याहून ट्रॅक्टरने कच्छच्या रणात मीठ पिकवायला आलो. जागा आम्हाला नवी, पण मिठाला चांगली. गेल्या साली इथे गोवाभाई होता. तो मेला म्हणून आम्हाला मिळाली. दुपारपर्यंत राहायला ताडपत्री उभी केली. चार बांबू, वाऱ्याकडची बाजू जमिनीला दाबून, समोर वीतभर फट. फट नसली की वारा आत फुगतो आणि सगळं उचलून नेतो. दयाचे बापू म्हणाले, तुझ्या तोंडाला वारासुद्धा भिईल. मी म्हटलं, मग तोंडच बांधा इथे, दोर वाचेल. बाजरीचे रोटले, लसणाची चटणी. बरं वाटलं. ही वही लेकीने, दयाने, होस्टेलात जाताना दिली, रोज लिही म्हणाली.

दुसरा दिवस
ताडपत्री मधे झोळ धरते. पाचवा बांबू घालायला खणलं तर फडक्याचं गाठोडं लागलं. उघडायची गरज नव्हती. आमच्यात चितेवर सगळा माणूस जळतो, मीठ मुरलेले पाय राहतात. ते मिठात पुरतात. गोवाभाईचेच. दयाचे बापू म्हणाले, बांबू दुसरीकडे घे. मी म्हटलं, एवढं खणलेलं कोण बुजवणार? गाठोडं शेजारच्या खाऱ्या पाण्याच्या जुन्या विहिरीत टाकलं. मेल्याला कशाला हवी माझी जागा.

रविवार
भर दुपारी रोटले थापत होते. फटीत दोन पाय, बाहेर उभे. वाटलं, दयाचे बापूच. म्हटलं, आत या नाहीतर चालते व्हा, उजेड अडतो. हलले नाहीत. बाहेर गेले तर कोणी नाही. मिठावर पावलं. विहिरीकडून आलेली, परत न गेलेली.

मंगळवार
पलीकडच्या झमकुबेनला सांगितलं. ती म्हणाली, अक्कल गहाण टाकलीस का, गोवाभाई त्याच विहिरीतल्या विषारी गॅसने मेला आणि पाय पुन्हा तिथेच टाकलेस? काढून आण. मी म्हटलं, तूच उतर. घरी आले. पाय फटीशी. रविवारपेक्षा जवळ.

बुधवार
फट मिठाने बुजवली. तासाभरात वाऱ्याने दोन बांबू मोडले. फट ठेवावीच लागते.

गुरुवार
दयाचे बापू म्हणाले, मी गाठोडं काढतो, होतं तिथे पुरू. नको म्हटलं. विहिरीत गॅस आहे, आणि टाकलं मी तर उतरायचंही मीच — त्यांनी ऐकलं नाही. दोर घेऊन गेले. फटीत आज कोणी नाही.

दुपार
आले. फटीत त्यांचे पाय. डाव्या अंगठ्याला निळी चिंधी, सकाळी मीच बांधलेली. आत या म्हटलं.
वाकून वर बघितलं. घोट्यांच्या वर नुसतं ऊन —
शेजारी अजून दोन पाय, रविवारचेच —
वारा पडलाय. तरी ताडपत्रीची कड वर होतेय. उचलायला हात तर कुणालाच —