माझ्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर

२ मार्च

डायनिंग टेबल गेलं. म्हणजे आहे जागेवरच, पण त्यावर आमचा ॲम्प्लिफायर पोट उघडं टाकून पडलाय आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवतोय. दुरुस्त करा म्हणून मीच मागे लागले होते, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. इथे लिहिलं तर चालतं.

हा ॲम्प्लिफायर ह्यांनीच बनवलेला, आमच्या महिला भजनी मंडळासाठी. जन्मभर स्टॅबिलायझरच्या कंपनीत नोकरी केलेला माणूस, बायकोला पाटल्या करणार नाही, ॲम्प्लिफायर करणार. चालला मात्र छान, इतकी वर्षं. पण हल्ली आवाज असा येतो जसा कोणी गोधडीत गुंडाळून दिलाय. शब्द कळत नाहीत आणि टाळ तर ऐकूच येत नाही. माघी गणपतीला त्यापायीच माझा गजर चुकला. टाळ एकीकडे, मी एकीकडे. आमच्या अख्ख्या आचोळे गावासमोर शोभा!

नंतर तिसऱ्या मजल्यावरची संपदा जवळ येऊन बसली. "काकू, दमता हो तुम्ही. पुढच्या वेळी मी म्हणू का पुढे बसून?" किती ती काळजी. हिला सा लावायला मी शिकवलं.

२९ तारखेला जूचंद्रला महिला मंडळांची भजन स्पर्धा आहे. पुढे बसून म्हणणारी बुवा अजून तरी मीच. तिथे चुकले तर ती जागा संपदाची, असं कोणी बोललेलं नाही. बोलायची गरजच नाही, सगळ्या माझ्याशी इतक्या गोड वागतायत. मला ती जागा सोडायची नाही. सोडायची वेळ आली तर मी काय करणार दिवसभर — ह्यांच्याशी बोलणार?

४ मार्च

ह्यांनी दोन काळे डबे उपटून काढले आणि चहासोबत मला दाखवले. "हे फिल्टरचे कपॅसिटर. डोकी बघ कशी फुगलीत." बघितली. मला सोसायटीच्या सेक्रेटरीची आठवण झाली.

मग शिकवणी. म्हणे, आपल्याकडे टँकर कधीतरी येतो, पण गच्चीवरची टाकी भरलेली असली की नळाला पाणी सारखं. तसंच विजेचं. आत ती झटक्याझटक्याने येते. कपॅसिटर ती साठवतो आणि मधल्या वेळात पुरवतो. तो सुकला की प्रत्येक झटका स्पीकरमधून ऐकू येतो, घूंऽऽ करून.

आमच्या सोसायटीच्या टाकीचा दाखला देऊन भरवसा वाढवणारा हा पहिलाच माणूस.

नवे डबे बसले. घूं गेली, हे कबूल. मलाही कळलं. पण टाळ? टाळाची कॅसेट लावून दिली ह्यांनी, तरी टाळ गोधडीतच. तसं सांगितलं तर माझ्याकडे नुसतं बघत राहिले.

७ मार्च

समोरच्या बिल्डिंगवरच्या मोबाइल टॉवरविरुद्ध अर्ज दिला. बऱ्याच जणींच्या सह्या घेतल्या. पूर्वी स्वयंपाकघरात उभं राहिलं की डक्टमधून चिमण्यांचा नुसता कालवा यायचा, कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये इतका. आता शुकशुकाट. त्या टॉवरने घालवल्या चिमण्या. मीटिंगमध्ये मी चांगलं खडसावून सांगितलं, "आमच्या चिमण्या परत द्या, मग तुमचं नेटवर्क चालवा." टाळ्या पडल्या. सेक्रेटरी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. हल्ली सगळेच पुटपुटतात.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "चिमण्या गेल्या?" आणि सोल्डरिंगची कांडी खाली ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. मला वाटलं चहा करतायत. कसला चहा! रिकाम्या हाताने बाहेर.

१० मार्च

आज वसईला मर्विनच्या दुकानात. ह्यांचा जुना दोस्त, रेडिओचे सुटे भाग विकतो आणि जाईल त्याला व्याख्यान देतो. मला स्टुलावर बसवून दोघांनी समजावलं. ॲम्प्लिफायरमध्ये एका टप्प्याने आवाज वाढवायचा, मग दुसऱ्याने, आणि दोघांच्या मध्ये एक कपॅसिटर. मर्विन म्हणाला, "वहिनी, हा म्हणजे गेटवरचा वॉचमन. एका जागी ठिय्या मारून बसलेली वीज आत सोडत नाय. नाचत येईल तिलाच सोडतो. आणि गाणं तर नाचतच येतं ना?"

आमचा वॉचमन नाचत येणाऱ्यांनाही सोडतो आणि झोपत येणाऱ्यांनाही. पण मर्विन भला माणूस, मी मान हलवली.

ते सगळे वॉचमन बदलले. दुपारी हर्षवर्धन आला फुलपाड्याहून, आईबाबांची चौकशी करायला, म्हणजे डबा न्यायला. ऐकून म्हणाला, "बाबा, एकदम क्लिअर!" मी म्हटलं, काहीही फरक नाही. बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं. पुरुषांची एकी ही अशी. आणि हर्षवर्धनसुद्धा आता तोंड मिटून बोलायला शिकलाय. तीनदा विचारावं तेव्हा कळतं की साहेबांना लोणचं हवंय.

१३ मार्च

तालीम. स्वप्नाली टाळ वाजवते की पोळीला तूप लावते, देव जाणे. मी तसं म्हटलं. मग स्वप्नाली हळूच म्हणाली, "काकू, याच्यापेक्षा जोरात वाजवले तर खालचे वर येतील."

मी पुन्हा एकदा गजर उशिरा उचलला. पुन्हा एकदा. संपदाने हात जोडल्यासारखे करून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे प्रेमाने बघितलं. त्या प्रेमाला काठीने बदडावंसं वाटलं.

हे मागे खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते.

१४ मार्च

रडले. न्हाणीघरात, नळ सोडून. पाणी वाया गेलं ते वेगळंच.

१६ मार्च

आमच्या घरात आता विज्ञान माजलंय. ह्यांनी मला खुर्चीत बसवलं, भिंतीकडे तोंड करून, आणि म्हणाले, "मोबाइलवरून सूर लावतो. ऐकू आला की बोट वर कर." स्पीकर तपासायचाय म्हणे. या वयात भिंतीकडे तोंड करून बोट वर करायचं! केलं. खालचे सूर छान आले. मग वरचे येता येता बराच वेळ काहीच नाही. मी म्हटलं, "अहो, लावताय ना? की डुलकी लागली?" हे म्हणाले, "लावतोय." मला नाही वाटत लावत होते. बटण दाबायला विसरले असणार, आणि कबूल करायला नको.

संपल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं, ताप बघताय का?

१९ मार्च

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड आणलं, आणि श्रीखंड खाता खाता ह्यांनी नवीन स्पीकर जोडायला घेतला. एक छोटा, वेगळा. तालमीत माझ्यापुढे ठेवायचा. त्याला वेगळं सर्किट. त्यात मसुराच्या डाळीएवढे कपॅसिटर.

"एवढासा काय करणार?" मी विचारलं.

"मोठा कपॅसिटर खालचे सूरही सोडतो. छोट्यातून फक्त वरचे जातात. म्हणून कुठले सूर वाढवायचे ते ठरवायचं आणि तेवढाच कपॅसिटर लावायचा."

"मग कुठले वाढवायचेत?"

"तेच बघतोय."

बघतायत म्हणजे कसं, तर एक डाळ लावतात, टाळाची कॅसेट वाजवतात, मला विचारतात, "हा बरा की मगाचचा?" मग दुसरी डाळ. "आता?" चष्म्याचा नंबर काढताना डॉक्टर विचारतो अगदी तसं. दिवसभर. सणाच्या दिवशी. पुरणाचं जेवण मागितलं असतं तर एवढा वेळ नसता लागला.

२२ मार्च

हा बरा की मगाचचा.

२५ मार्च

आला! टाळ आला. असा खणखणीत की अंगावर काटा आला. मी म्हणायला सुरुवात केली आणि प्रत्येक ठोका हातात येऊन पडत होता. शब्दसुद्धा सगळे स्वच्छ, कडा असलेले. पूर्वी हे असंच ऐकू यायचं, मी विसरूनच गेले होते कसं असायचं ते. तीन आठवडे घोळ घातला आणि दोष निघाला एका डाळीएवढ्या वस्तूत! मी ह्यांना म्हटलं, "हे पहिल्याच दिवशी का नाही केलंत?"

"बरं झालं ना?" एवढंच म्हणाले. कानात कापसाचे बोळे घालून बसले होते. सर्दी झालीय म्हणे. या उकाड्यात कसली सर्दी!

२९ मार्च

दुसरा नंबर! पहिला जूचंद्रच्याच मंडळाला, घरचं मैदान, त्यावर मी काही बोलत नाही. पण मी चुकले नाही. एकाही ठिकाणी नाही. गजर उचलला आणि टाळ माझ्याबरोबर होता, शेवटपर्यंत. संपल्यावर परीक्षक बाई म्हणाल्या, तुमची लय पक्की आहे. मला दोनदा सांगावं लागलं त्यांना, की पुन्हा बोला. ऐकायला बरं वाटलं म्हणून नव्हे, त्यांचं मला कळतच नव्हतं.

आणि मग ते. प्रसादाच्या वेळी संपदा माझ्या जागेवर येऊन बसली, माइकवर एक ओळ म्हणून बघायला. तो छोटा स्पीकर तिच्यासमोर. पहिल्याच अक्षराला दोन्ही कानांवर हात. "ईऽऽ! काकू, हा केवढा कर्कश आहे. कानात सुया टोचतात. तुम्ही कशा बसता याच्यापुढे?" स्वप्नालीने वाकून ऐकलं, तीही मागे सरली.

हे धावत आले. "तो मनोरमासाठी आहे. तू बाजूला बस, संपदा." आणि वायर काढली.

मी प्रसाद हातात घेऊन उभी. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्या वायरकडे. रिक्षात मी काही विचारलं नाही.

३० मार्च

विचारलं. "अहो, ॲम्प्लिफायर बिघडला होता का?"

"टाकी गेली होती, ते फुगलेले डबे. घूं यायची ती. बाकी चांगला होता."

"आणि टाळ?"

"टाळ पहिल्यापासून येतोय, मनू. तुला वरचे सूर येत नाहीत. म्हणून तुझ्यापुरते वाढवून दिले."

भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं तेव्हा बटण दाबायला विसरले नव्हते. सूर वाजत होते. मी बोट खाली ठेवून बसले होते आणि हे तिथे उभे राहून बघत होते.

मला राग आला, आधी ह्यांचा. सांगायला काय झालं होतं? हे म्हणाले, "कानाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं असतं तर आली असतीस स्पर्धेआधी?" नसते आले. ॲम्प्लिफायर डोक्यात घातला असता. आणि पुढे जाऊन बसायची हिंमतही राहिली नसती. तेही ह्यांना ठाऊक होतं. मग लाज वाटली. स्वप्नालीला काय काय बोलले. हर्षवर्धन पुटपुटत नाही. सेक्रेटरी पुटपुटत नाही — बरं, तो थोडा पुटपुटतो.

मी ह्यांना विचारलं, "मंडळातल्या बायकांना काय सांगू?"

"सांग, पुढे बसणारीला मशीन लागतं. आमच्या ह्यांच्याकडे बनवून मिळेल."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय. स्वप्नालीला उद्या डबाभर शंकरपाळे नेऊन देणार आहे. संपदाला काही नाही, तिला मी सा शिकवलाय तेवढं बास.

३१ मार्च

सकाळी मी ओट्यापाशी. ह्यांनी काही न बोलता खिडकीच्या जाळीतून माइक डक्टमध्ये सोडला, आणि माझा स्पीकर आणून माझ्यापुढे ठेवला.

चिमण्या. कालवा. पाइपाच्या मागे घरटं आहे म्हणे, कधीचंच.

टॉवरविरुद्धचा अर्ज मागे घ्यायला हवा.