पाच पेन्सिलींचं प्रमाण विचलन

६ ऑगस्ट, सोमवार

"राहू दे, तुला नाही जमायचं. आण इकडे."

बाबा असं म्हणायचे आणि माझ्या हातातली पेन्सिल काढून घ्यायचे. गणिताचे मास्तर होते. माझा गृहपाठ कायम पूर्ण, परीक्षेतला पेपर कायम कोरा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

आज आठवायचं कारण, लेकीला गणितात 'प्रमाण विचलन', म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आलंय. शुक्रवारी टेस्ट. नापास झाली तर विषयच सोडावा लागेल, असं बाईंनी बजावलंय. मी शिकवणार. प्रेमाने. पेन्सिलीला हात न लावता.

नवऱ्याने विचारलं, तुला तरी येतं का? म्हटलं, पुस्तक आहे की. हसला. हसू दे.

७ ऑगस्ट, मंगळवार. संध्याकाळी

बाईंनी घरातल्या वस्तू मोजून गणित करायला सांगितलंय. लेकीने माळ्यावरून नेमका बाबांचा पेन्सिलींचा डबा काढला. झाकण उघडलं आणि तो वास आला, तासलेल्या लाकडाचा. मानेमागे कुणीतरी उभं राहिलं. बाबा असेच मागे उभे राहायचे. शिकवताना कधी बसले नाहीत.

पाच पेन्सिली मोजल्या. चार, पाच, सहा, सहा आणि नऊ सेंटिमीटर. सरासरी सहा. म्हटलं, आता प्रत्येकीतून सरासरी वजा कर आणि सगळ्याची बेरीज मार. आली शून्य. केवढा आनंद झाला मला! जाहीर केलं, विचलन नाहीच, सगळ्या सारख्या.

लेकीने चारची आणि नऊची पेन्सिल शेजारी शेजारी धरली आणि माझ्याकडे बघत बसली. म्हटलं, डोळ्यांपेक्षा गणितावर विश्वास ठेवावा.

८ ऑगस्ट, बुधवार

शून्य चुकलं. कुठलेही आकडे घेतले तरी शून्यच येतं म्हणे, उणे आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून आधी वर्ग करायचे. पुस्तकात होतं हे, चौकटीत, ठळक अक्षरात. चौकटी मी वाचत नाही. जाहिराती वाटतात.

वर्ग केले, बेरीज केली, पाचने भागलं. २.८! म्हटलं, वर्ग केलेत ना, मग चौरस सेंटिमीटर लिही. लेक म्हणाली, आई, ही पेन्सिल आहे की सतरंजी? नवऱ्याला चहाचा ठसका लागला.

मला हसू आलं नाही, कारण तेव्हाच मागे कुणीतरी घसा खाकरला. वळून पाहिलं. फ्रिज.

वर्गमूळ काढायचं राहिलंय, हे लेकीनेच शोधलं. काढायला बसली. दशांश चिन्ह भलतीकडे दिलं. आणि खोलीत बाबांचा आवाज आला. अगदी स्पष्ट. राहू दे, तुला नाही जमायचं.

अंगावर काटा आला. लेकीला विचारलं, तू ऐकलंस? ऐकलं, म्हणाली. हायसं वाटलं, म्हणजे भास नव्हता.

मग ती म्हणाली, तूच बोललीस. आणि माझी पेन्सिल दे.

खरंच माझ्या हातात होती.

९ ऑगस्ट, गुरुवार

कालचं सगळं थकव्यामुळे. झोप अपुरी. आजपासून तोंडात लिमलेटची गोळी ठेवून शिकवणार. बोलताच येणार नाही. गोळ्या आणल्या.

लेक दप्तर टाकून लगेच निघाली. चष्मेवाल्या मैत्रिणीकडे अभ्यास करणार म्हणे. मी गोळी गालात सरकवून विचारलं, तिला काय येतंय? लेक म्हणाली, तिलाही नाही येत, म्हणून तर जाते. दोघी मिळून चुकतो.

एकटीच गणिताला बसले. दर खेपेला उत्तर वेगळं. आता माझ्या उत्तरांचंच विचलन काढता येईल. दर खेपेला मानेवर तोच श्वास. शेवटी मोठ्याने म्हटलं, बाबा, तुम्ही बसा ना जरा.

गोळ्या संपल्या.

१३ ऑगस्ट, सोमवार

टेस्टचे मार्क आले. दहापैकी सात. पास! गृहपाठातलं पेन्सिलींचं उत्तरही बरोबर, साधारण १.६७. नुसते सेंटिमीटर.

नवऱ्याला म्हटलं, पाया मी घातला होता. या वेळी तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

पुढचा धडा सुरू झालाय. मघाशी तिच्याजवळ दूध ठेवायला गेले. माझी चाहूल लागताच तिने कोपर आडवं केलं आणि वही झाकली. मुद्दाम नाही. न बघताच. आपोआप. मी कप ठेवला आणि आले स्वयंपाकघरात.

उद्या विचारेन. नाहीच म्हणेल. तिच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. तरी विचारेन: बाळा, मला तुझ्या शेजारी नुसती बसू दे ना. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते.