कार्ड दिखाइए

अण्णा, तुमची पणती परवा मला विचारत होती, "आजी, तुझे बाबा विमान चालवायचे ना?" शाळेत तिला निबंध दिलाय, घरातल्या वेगळी नोकरी केलेल्या माणसावर. तिच्या आईबापाची नोकरी लॅपटॉपवरची, त्यात लिहिण्यासारखं काय असणार? म्हणून गाडी तुमच्यावर आली. मी म्हटलं, नाही गं, एअरफोर्समध्ये होते, पण पोलीस. "विमानात पोलीस?" विमानात नाही, फाटकावर. "म्हणजे वॉचमन?" अण्णा, हात शिवशिवले होते माझे. पण आता पोरांना मारायची सोय नाही, आणि आमच्या टॉवरच्या खाली बसणारा वॉचमनही भला माणूस आहे. मग तिला बसवलं समोर आणि सांगितलं सगळं, जेवढं मला ठाऊक आहे तेवढं.

सांगितलं की फौज म्हटली की हजारो माणसं एका कुंपणात राहतात. त्यांच्यात भांडणं होतात, चोऱ्या होतात, कुणी रजा संपली तरी परत येत नाही, कुणी दारू पिऊन येतो, आणि बाहेरचा पोलीस तर आत येऊन बसत नाही. म्हणून फौजेला स्वतःचा पोलीस लागतो. ही पद्धत गोऱ्यांची. त्यांच्या हवाई दलात हा पोलीस होता, तोच आपल्याकडे आला. तुम्ही सांगायचात, तुमच्या उस्तादाचा उस्ताद गोरा होता, आणि गोरे गेले तरी गार्डरूम, नोंदवही, शिट्टी, पांढरा पट्टा सगळं तसंच राहिलं. तो पट्टा तुम्ही रविवारी गॅलरीत बसून जुन्या टूथब्रशने पांढरा करायचात आणि मला शिवू द्यायचा नाहीत. कुत्र्यांच्या पथकातही तुम्ही दोन वर्षं होतात, ते ऐकून पोरगी खूश झाली. मग तिने विचारलं, "चोर कोण असायचे?" आता हे कसं सांगावं? चोर आपलेच. लढाईच्या दिवसांत विमानांभोवती पहारा द्यायचात तो शत्रूसाठी, पण बाकी सगळी वर्षं तुमचं लक्ष आपल्याच माणसांवर. म्हणून मेसमध्ये तुम्ही ताट घेऊन बसलात की त्या टेबलावरचं बोलणं थांबायचं. आईला हळदीकुंकवाला बोलवायचे, पण तिच्यासमोर कुणी मोकळं बोलायचं नाही. हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं, सगळे आपल्याला घाबरतात म्हणजे आपण मोठे.

नारळांची गोष्ट तिला सर्वांत आवडली. उत्तरेतल्या त्या कॅम्पात आपण तीन वर्षं होतो. मी सात-आठ वर्षांची. आई बाजारात गेली होती, आणि त्या मुलखात कुठून कोण जाणे, तिला दोन नारळ मिळाले होते. लॉटरी लागल्यासारखी ती घाईघाईने परत निघाली, मी मागे. ऊन असं की चपलेतून पाय भाजतात. फाटकावर तुम्ही उभे. आई हसत पुढे होते, आणि तुम्ही तळहात पुढे करता. "कार्ड दिखाइए." ड्युटीवर तुम्ही मराठी बोलायचा नाहीत, आईशीसुद्धा. तिला वाटलं मस्करी. म्हणाली, "अवो, माका वळखूक नाय काय तुमी?" तुमचा हात तसाच. ती म्हणाली, कार्ड घरी विसरले. तुम्ही म्हणालात, "पहले थैला देखिए." तिने पिशवी रस्त्यावर उलटी केली. नारळ गडगडत गेले, कांदे गेले, पण कार्ड नव्हतंच. मग गार्डरूममधून फोन. ओळख पटवायला आतला कुणीतरी हवा, आणि ड्युटीवरच्या माणसाने स्वतःच्या माणसाची ओळख द्यायची नाही असा कायदा. शेवटी शेजारचे पंजाबी काका हातातलं काम टाकून सायकलवरून आले आणि त्यांनी सांगितलं की होय, ही यांचीच बायको. तुम्ही नोंदवहीत सुंदर अक्षरात लिहिलंत. नाव, वेळ, संबंध: पत्नी. अर्धा तास आम्ही त्या उन्हात उभ्या होतो.

त्या संध्याकाळी आई तुमच्याकडे पाठ करून चुलीशी बसली. तुम्ही गणवेश उतरवलात, लुंगी लावलीत, नारळ फोडलात आणि आडाळीवर बसून स्वतः खोवलात. खोवता खोवता म्हणालात, "आज तुला सोडली असती, तर उद्या दुसऱ्याच्या बायकोला कुठल्या तोंडाने अडवू?" आईने चुलीवरून मान न वळवता सांगितलं, "तुमका तोंड खंय आसा? नुसतो हात आसा." मग तुम्ही दोघंही हसलात. मी विचारलं, आईने विसरले म्हटल्यावर पिशवी का बघायला लावलीत? तुम्ही म्हणालात, विसरलो म्हणणाऱ्याच्या खिशात पुष्कळदा कार्ड असतंच. रजेवरून उशिरा आलेलं पोर फाटकापर्यंत येतं आणि त्याचं अवसान जातं. आत काय वाढून ठेवलंय ते त्याला माहीत असतं. मग म्हणतं, कार्ड विसरलो, जाऊन आणतो. त्याला शिक्षा नाही करायची, तुम्ही म्हणालात, आधी खिसे बघायला लावायचे.

पेन्शन घेऊन लालबागला आलात तरी हात गेला नाही तुमचा. गल्लीतल्या गणपतीला मंडळाच्या पोरांनी तुम्हाला कौतुकाने रांगेवर उभं केलं, आणि तुम्ही स्वतःच्या बहिणीला, माझ्या सख्ख्या आत्याला, रांगेच्या शेपटाला पाठवलंत. आत्या चार महिने आपल्या घरची पायरी चढली नाही. चाळीत सगळे हसायचे, पण कुणाच्या घरी भांडण झालं की तुम्हालाच बोलवायला यायचे, कारण तुम्ही कुणाचेच नव्हतात. हे मी पोरीला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे फेअर होते." बरोबर आहे. फेअर होतात.

मग तिने विचारलं, "शेवटी काय झालं त्यांना?" आणि मी तिला तेच सांगितलं जे वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. परळच्या हॉस्पिटलात तुम्ही दहा दिवस होतात. पेशंटमागे एकच पास, तो दाखवल्याशिवाय वॉर्डात सोडत नाहीत. त्या दिवशी चारच्या वेळेला माझी पाळी होती, आणि मी पास घरी विसरले. जिन्यापाशी पास बघायला बसणाऱ्या मामांनी तरीही म्हटलं, "जा ताई, तुम्हाला काय रोज बघत नाय मी?" पण मी म्हटलं, नको मामा, पास आणते. चालत लालबागला आले, पास घेतला, परत गेले. तोवर तुम्ही गेला होतात. तुमच्या तेराव्याला आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "बापाची लेक हो, बापासाठीसुद्धा नियम मोडला नाही." आईने माझा हात दाबला. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. मग ती गोष्ट दर लग्नाकार्यात कुणीतरी काढायचं आणि मी मान खाली घालायचे, लोकांना वाटायचं दुःखाने.

आता पोरीने ते निबंधात लिहिलंय. शेवटचं वाक्य: "माझ्या आजीनेही कधी नियम मोडला नाही." शाईने, खाली पट्टीने रेघ मारून. शुक्रवारी वर्गात वाचणार आहे. काल पाठ करत घरभर फिरत होती, आणि त्या वाक्याला माझ्याकडे बघून हसत होती. माझ्याने भाजी निवडवेना. ती साडेपाचला शाळेतून येईल. तिला आज सांगायचंय, पण हे पहिल्यांदा कुणाला सांगायचं तर ते तुम्हाला, म्हणून सकाळपासून कागद घेऊन बसलेय. हे पत्र टाकायचं कुठे, ते विचारू नका. फाडून टाकीन.

अण्णा, तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी मी तुमच्याजवळ पेज घेऊन आले होते. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे नीट पाहिलंत आणि तळहात पुढे केलात. "कार्ड दिखाइए." मी हसले. म्हटलं, अण्णा, मी आहे. तुमचा हात तसाच. तुम्ही मला ओळखत नव्हतात. मी चमचा पुढे केला, तर तुम्ही तो बाजूला सारून परत तेच म्हणालात, अगदी नम्रपणे, जसं परक्या बाईला म्हणावं. मी पेज तिथेच ठेवली आणि जिन्यात येऊन रडले. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्याच जिन्यापाशी उभी राहिले, आणि मला वर यायचं नव्हतं. परत तो हात बघायचा नव्हता. मामा सोडत होते. मीच नको म्हटलं. घरी आले, खुर्चीवर बसले, चहा करून प्यायले, कप धुतला, आणि मग निघाले.

पास पर्समध्येच होता. मामा भले, त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या जागी तुम्ही असता तर म्हणाला असता, पहले थैला देखिए.